रजिस्टर बरोबर होतं: एका ऑफसेट मशीनमनच्या चष्म्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, आतल्या खोलीत तपासणी. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. हे प्रकरण आमच्याच दुकानात घडलं आणि त्यातली मुख्य चूक माझी होती, म्हणून ते पहिल्यापासून लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ ३८ वर्षांचे, एका ऑफसेट प्रेसमध्ये चार कलरच्या मशीनवर मशीनमन. लहानपणापासून मोठा मायनस नंबर. सहा वर्षं त्यांच्याकडे एकच चष्मा होता: साधी प्लॅस्टिकची काच, म्हणजे सीआर-३९, नंबर −८.५०, ४६ मापाची छोटी धातूची फ्रेम. बाहेरच्या काठाला काच जवळजवळ सात मिलिमीटर जाड. घरात भाचीचं लग्न निघालं होतं आणि फोटोत ‘बाटलीच्या बुडासारखा’ चष्मा नको, असं त्यांच्या बायकोने त्यांना बजावून पाठवलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला तपासणी केली. दोन्ही डोळ्यांना −९.००, डाव्याला जोडीला थोडा सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर. त्यांनी एकच मागणी केली: “मॅडम, हाय ती सगळ्यात पातळ काच द्या.” मी १.७४ इंडेक्सची काच सुचवली; हा आकडा जितका मोठा तितकी त्याच नंबराची काच पातळ. आमच्याकडे मिळणाऱ्या प्लॅस्टिक काचांमध्ये सर्वांत पातळ तीच. फ्रेम त्यांनी ५२ मापाची, मोठी चौकोनी निवडली. वर ब्लू कट, म्हणजे थोडा निळा उजेड अडवणारं कोटिंग. बाहुल्यांमधलं अंतर, आम्ही ज्याला पीडी म्हणतो, ते ६२ मिलिमीटर भरलं आणि काच त्याप्रमाणेच बसली. लग्न झालं, फोटो छान आले.

तक्रार

लग्नानंतर पाच दिवसांनी ते आले. वाक्य जसंच्या तसं लिहिते: “चष्मा झकास हाय, पण कलर हलतोय.”

कलर हलणं हा प्रेसमधला शब्द आहे. चार कलरच्या छपाईत निळा, मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे रंग चार वेगळ्या प्लेटवरून एकाच शीटवर एकावर एक पडतात. ते नेमके एकमेकांवर बसले तर चित्र स्वच्छ येतं. एक जरी रंग केसभर सरकला तरी अक्षराच्या कडेला दुसऱ्याच रंगाची रेघ डोकावते. त्याला रजिस्टर आउट होणं म्हणतात. शीटच्या कडेला अधिक चिन्हासारख्या बारीक खुणा छापलेल्या असतात, त्या भिंगाखाली बघून मशीनमन रंग जुळवतो. या गृहस्थांचं सारं नाव या एका कामावर होतं. मालक अवघड कव्हर त्यांच्याच पाळीला लावत.

त्यांना आता प्रत्येक शीटवर काळ्या अक्षरांना रंगीत कड दिसत होती, वरून नारिंगी आणि खालून निळसर जांभळी. मशीन चालू असताना शीट ओढून काढायची, बघायचं, थांबवायचं. मग भिंग लावलं की रजिस्टर बरोबर. भिंग काढलं की पुन्हा आउट.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मी नंबर पुन्हा तपासला. बरोबर होता. काचेचं केंद्र लेन्सोमीटरवर, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर, पाहिलं, तेही जागेवर होतं. फ्रेमचा तिरपेपणा, कानामागचा बाक, सगळं ठीक. माझ्या यादीतलं सारं बरोबर निघालं, तेव्हा मी म्हणाले, “काच नवीन आहे, नंबर वाढलाय, दोन आठवडे सवय होऊ द्या.”

मोठ्या नंबराच्या नव्या चष्म्याला सवय लागते हे खरं आहे. जमीन खोलगट वाटते, पायरी जवळ वाटते, मग चार-आठ दिवसांत डोळा आणि मेंदू जुळवून घेतात. पण त्यांनी जमिनीची किंवा पायरीची तक्रार केलीच नव्हती. रंगाची केली होती, वर कोणता आणि खाली कोणता हेही सांगितलं होतं. इतकी नेमकी तक्रार घेऊन माणूस क्वचित येतो. ती मी ‘नवीन चष्म्याचा त्रास’ या ठरलेल्या खणात टाकून दिली. आणखी एक: भिंगातून बघितल्यावर कड नाहीशी होते, हे त्यांनी सांगूनही मी त्याचा अर्थ लावला नाही.

त्या दोन आठवड्यांत प्रेसमध्ये व्हायचं ते झालं. दिवाळी अंकांचं काम सुरू झालं होतं. एका कव्हरच्या वेळी मालक बाहेरगावी, वेळ रात्रीची. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि भिंग न लावता मॅजेंटाची प्लेट सरकवली. रजिस्टर आधी बरोबर होतं, ते आता खरंच बिघडलं. सकाळी दुसऱ्या मशीनमनने पाहिलं तोवर चारेकशे शीट वाया गेले होते. मालक रागावले नाहीत, पण पुढचं कव्हर त्यांनी दुसऱ्याच्या पाळीला लावलं. ते मला हे सांगताना काउंटरच्या काचेकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

शीट उलटं फिरवलं तेव्हा

दुसऱ्या भेटीत ते त्याच कव्हरचे दोन शीट घेऊन आले, एक चांगलं आणि एक बिघडलेलं. मी आधी डोळ्यांच्या आजाराचे प्रश्न विचारले. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल वलय दिसतं का? डोळा दुखतो का? समोर विजेसारखं चमकतं का, काळे ठिपके अचानक वाढलेत का? सगळ्याला उत्तर नाही. तरीही एवढ्या मोठ्या मायनस नंबराच्या माणसाचा पडदा नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून दरवर्षी पाहायलाच हवा, म्हणून चिठ्ठी दिली. पडदा ठीक असल्याचा निरोप नंतर आला.

मग चांगलं शीट टेबलावर ठेवलं. “कड कुठे दिसते?” वर नारिंगी, खाली निळी. मी शीट डोकं खाली, पाय वर असं फिरवलं. “आता?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “आता बी वर नारिंगी, खाली निळी.”

कड शाईची असती तर शीटबरोबर तीही उलटी झाली असती. शीट फिरलं, कड जागेवर राहिली. म्हणजे ती कागदावर नव्हती, कागद आणि डोळा यांच्या मधे कुठेतरी होती. बिघडलेलं शीट फिरवलं तेव्हा मॅजेंटाची खरी रेघ बरोबर पालथी झाली. दोन्हींतला फरक त्यांनी माझ्याआधी ओळखला.

पुढे आणखी दोन गोष्टी केल्या. त्यांना चष्मा काढून शीट डोळ्याजवळ धरायला सांगितलं. −९ नंबराच्या डोळ्याला उघड्याने साधारण ११ सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतं. तिथे कड नव्हती. मग चष्मा लावून, मान खाली घालून, काचेच्या बरोबर मधून बघायला सांगितलं. कड जवळजवळ गेली. मान सरळ ठेवून फक्त नजर खाली टाकली की लगेच परत. भिंगाचं कोडंही इथेच सुटलं: भिंग लावताना माणूस पूर्ण वाकतो आणि काचेच्या मधोमधून बघतो.

एवढं पाच मिनिटांत झालं. पहिल्या भेटीतही पाच मिनिटंच लागली असती.

काचेत नेमकं काय घडत होतं

प्रकाश मोकळ्या जागेत सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. साध्या प्लॅस्टिक काचेत, जिचा इंडेक्स १.५० आहे, तो दोन लाखांवर येतो आणि १.७४ च्या काचेत सुमारे एक लाख बहात्तर हजारांवर. इंडेक्स म्हणजे हाच भागाकार, शाळेच्या पुस्तकातला अपवर्तनांक. किरण काचेवर सरळ पडला तर नुसता मंदावतो. तिरका पडला तर वळतो.

का वळतो, हे मी त्यांना सांगू लागले तर त्यांनीच मला सांगितलं. फीडरवरून शीट तिरकं आलं आणि त्याचा एक कोपरा रोलरमध्ये आधी अडकला, तर तो कोपरा मागे पडतो, दुसरा आपल्या वेगाने पुढे येतो आणि शीट त्या बाजूला वळतं. प्रकाशाच्या लाटेचंही तसंच. तिची एक बाजू काचेत आधी शिरते, आधी मंदावते आणि लाट वळते. मी इतकी वर्षं हे समजावते आहे, पण यापेक्षा बरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता रंगाचा मुद्दा. काच सगळ्या रंगांना सारखं मंदावत नाही. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा थोडा जास्त मंदावतो, म्हणून थोडा जास्त वळतो. न्यूटनने प्रिझममधून सूर्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले ते याच फरकामुळे. कोणती काच रंगांना किती फोडते हे मोजायला आमच्या धंद्यात ॲबे व्हॅल्यू वापरतात. जर्मनीतल्या येना शहरात काचेवर आणि सूक्ष्मदर्शकांवर काम केलेल्या अर्न्स्ट ॲबे यांच्या नावावरून ती आली. आकडा जितका मोठा तितके रंग एकत्र राहतात. सीआर-३९ ची ५८, १.६० च्या चांगल्या काचेची ४१, १.७४ ची ३३ च्या आसपास.

इंडेक्स वाढला की ॲबे व्हॅल्यू बहुधा घटते. जास्त इंडेक्सच्या प्लॅस्टिकमध्ये गंधक असलेले रेणू असतात. ते प्रकाशाला जास्त अडवतात, पण त्यांचं शोषण अतिनीलमध्ये, निळ्या रंगाच्या अधिक जवळ सुरू होतं, म्हणून निळ्याकडे जाताना इंडेक्स चटकन चढतो. अर्थात हे काही सरळ समीकरण नाही. ‘न फुटणारी’ म्हणून सर्रास विकली जाणारी पॉलिकार्बोनेट काच इंडेक्सने १.५९ च्या आतच आहे, पण तिची ॲबे व्हॅल्यू फक्त ३०. ती १.७४ पेक्षाही रंग जास्त फोडते.

मायनसची काच मधे पातळ आणि काठाला जाड असते, जणू दोन प्रिझम टोकाला टोक लावून जोडलेले. मधून पाहिलं तर काही नाही. केंद्रापासून जितकं दूर पाहाल तितका प्रिझम वाढतो. त्याचा हिशेब सोपा आहे: केंद्रापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. त्याला ॲबे व्हॅल्यूने भागलं की निळा आणि तांबडा किती फाकले ते कळतं. हा आकडा साधारण ०.१ च्या पुढे गेला की कड जाणवायला लागते, असं आम्हाला शिकवलं जातं.

मशीनमन उभा राहून समोरच्या टेबलावरचं शीट बघतो तेव्हा नजर साधारण २५ अंश खाली असते. त्यांची मोठी फ्रेम डोळ्यापासून १४ मिलिमीटर पुढे बसत होती. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बुबुळाच्या आणखी १३ मिलिमीटर मागे धरला, तर नजर काचेला केंद्राच्या साडेबारा मिलिमीटर खाली भेटते. १.२६ गुणिले ९, भागिले ३३: उत्तर ०.३४. अर्ध्या मीटरवरच्या कागदावर निळा आणि तांबडा हिशेबाने दीड मिलिमीटरहून जास्त फाकतात. डोळ्याला पिवळ्या-हिरव्या उजेडाची जाणीव सर्वांत जास्त असते, म्हणून दिसणारी कड त्याहून बरीच बारीक असते. पण ज्याचं काम केसभर रेघ शोधण्याचं, त्याला ती ढळढळीत दिसणारच.

मग मी त्यांच्या जुन्या चष्म्याचा हिशेब केला, तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. छोटी फ्रेम डोळ्याजवळ, ११ मिलिमीटरवर, म्हणून नजर केंद्राच्या ११ मिलिमीटर खाली. १.१२ गुणिले ८.५, भागिले ५८: उत्तर ०.१६. कड तेव्हाही थोडी होतीच. सहा वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी ती जमेत धरली होती. मी ती एका दिवसात दुपटीच्या वर नेली.

आणखी एक गोष्ट मला टोचली. कॅलिपर लावला तेव्हा नव्या ‘सर्वांत पातळ’ काचेचा बाहेरचा काठ साडेसहा मिलिमीटरहून जाड निघाला. जुना जवळजवळ सात. मोठ्या फ्रेममध्ये काचेचं केंद्र नाकाकडे सरकवावं लागतं आणि बाहेरचा काठ लांब जातो. मायनस काचेची जाडी या अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणजे इंडेक्सने जे कमावलं ते जवळजवळ सगळं फ्रेमने खाल्लं होतं.

कोणते पर्याय तोलले

तोच चष्मा ठेवून मान हलवायची सवय लावावी, हा पर्याय मी मांडला, कारण तो बिनखर्ची होता. त्यांनी दोन मिनिटं करून पाहिलं आणि म्हणाले की दिवसभरात हजारदा मान घालायची तर मान राहणार नाही. ते योग्यच होतं.

कॉन्टॅक्ट लेन्स हे शुद्ध प्रकाशाच्या दृष्टीने सर्वांत सरळ उत्तर. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, नजर कुठेही गेली तरी जवळपास मधूनच जाते. पण प्रेसमध्ये हाताला शाई, हवेत अल्कोहोलची वाफ आणि ओल्या शाईचा डाग पाठीमागच्या शीटवर पडू नये म्हणून मारलेली बारीक स्प्रे पावडर. तिथे आठ-दहा तास लेन्स घालणं मला सुरक्षित वाटलं नाही. लग्नकार्यासाठी ठीक, मशीनवर नको.

ऑपरेशनचा विषय त्यांनीच काढला. एवढ्या नंबरात लेसर करायचं की डोळ्यात लेन्स बसवायची, की काहीच करायचं नाही, हे बुबुळाची जाडी वगैरे पाहून नेत्रतज्ज्ञ ठरवतात. मी त्यावर मत दिलं नाही. दिवाळी अंकांच्या गर्दीत त्यांना ते नकोच होतं.

खनिज काच, म्हणजे खरी काच, ॲबे व्हॅल्यूला उत्तम, ५८-५९. पण वजन प्लॅस्टिकच्या जवळजवळ दुप्पट, आणि धावत्या मशीनशेजारी फुटणारी काच डोळ्यांसमोर ठेवायची नाही, हे मी आधीच ठरवलेलं.

राहिल्या दोन काचा, सीआर-३९ आणि १.६०, दोन्ही छोट्या फ्रेममध्ये. निर्णय खरा इथेच होता. सीआर-३९ मध्ये कड सर्वांत कमी येणार होती, काठ मात्र सात मिलिमीटरच्या पुढे. १.६० मध्ये काठ साडेपाच. १.७४ त्याच छोट्या फ्रेममध्ये घातली असती तर साडेचार. म्हणजे १.६० वरून १.७४ वर गेल्याने एक मिलिमीटर वाचतो आणि ॲबे व्हॅल्यू आठने पडते. मी कागदावर तिन्ही काठ खऱ्या जाडीच्या रेघांनी काढून त्यांच्यापुढे ठेवले. तोंडी ‘पातळ’, ‘जाड’ म्हणण्यापेक्षा साडेपाच मिलिमीटरची रेघ बोलकी असते. त्यांनी १.६० वर बोट ठेवलं. बायकोला फोन करून विचारलं, मग पुन्हा तिच्यावरच बोट ठेवलं.

काय केलं

४६ मापाची फ्रेम निवडली, नाकाच्या पॅडची, म्हणजे ती जवळ बसवता येते. पॅड वाकवून काच डोळ्यापासून ११ मिलिमीटरवर आणली. मायनसची काच डोळ्याच्या जवळ आली की तिचा परिणाम वाढतो, म्हणून नंबर कमी द्यावा लागतो. १४ मिलिमीटरवरचा −९.०० हा ११ वर −८.७५ होतो. हिशेब केला, मग तक्त्यावर खात्री केली. त्यांना वाटलं नंबर उतरला. तसं नाही, डोळा तेवढाच आहे, काचेची जागा बदलली, हे नीट समजावून सांगितलं. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीकडे कुणी −९.०० काढला तर ‘वाढला’ म्हणून धास्ती घेतील.

काचेचं केंद्र बाहुलीच्या समोर न ठेवता चार मिलिमीटर खाली ठेवलं. त्यांचं बरंचसं काम खाली बघण्याचं, म्हणून केंद्र कामाकडे सरकवलं. सरळ समोर बघताना मग नजर केंद्राच्या थोडी वर जाते, पण तिथे आकडा ०.०९ च्या आतच राहतो. हे करता आलं कारण दोन्ही डोळ्यांचे नंबर जवळजवळ सारखे आहेत. एका डोळ्याला −९ आणि दुसऱ्याला −५ असता तर केंद्र खाली घेतल्यावर दोन डोळ्यांना वेगवेगळा प्रिझम मिळाला असता आणि एकाची दोन चित्रं दिसण्याची भीती होती. तिथे मी हा मार्ग घेतला नसता.

आता खाली बघताना नजर केंद्राच्या सात मिलिमीटर खाली लागते. ०.७२ गुणिले ८.७५, भागिले ४१: उत्तर ०.१५. जुन्या चष्म्याच्या ०.१६ ला जवळजवळ चिकटून.

ब्लू कट काढून टाकलं. त्या कोटिंगमुळे काचेला येणारी पिवळसर झाक घरी कुणाला कळतही नाही, पण पिवळ्या शाईचा भरणा डोळ्याने ठरवणाऱ्या माणसाच्या नाकावर ती कशाला? साधं परावर्तनरोधक कोटिंग ठेवलं. ते मात्र हवंच, कारण इंडेक्स वाढला की पृष्ठभागावरून परत फिरणारा उजेडही वाढतो: १.५० ला दर पृष्ठभागावर चार टक्के, १.६० ला पाच टक्क्यांच्या वर, १.७४ ला सात टक्क्यांच्या वर.

काचेचा खर्च दुकानाने सोसला. फ्रेमचे पैसे त्यांनी आग्रहाने दिले.

निकाल

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चष्मा दिला. दुकानातच तेच चांगलं शीट पुन्हा टेबलावर ठेवलं. त्यांनी उभं राहून, मान सरळ ठेवून पाहिलं. मग स्वतःहून शीट उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. “बसलं,” एवढंच म्हणाले.

पहिले दोन दिवस अक्षरं किंचित मोठी वाटली. काच जवळ आल्यावर मायनसचा चष्मा चित्र कमी लहान करतो, त्याचा हा परिणाम. कड पूर्ण गेलेली नाही. गाडीवर आरशात बघताना, नजर एकदम कडेला गेली की दिव्याला रंगीत शेपूट येतं, असं ते सांगतात. ते येणारच, आणि ते चष्मा देतानाच सांगितलं होतं. दुर्बिणीत वा कॅमेऱ्यात दोन जातींच्या काचा चिकटवून एकीने फोडलेले रंग दुसरीकडून जुळवून घेतात. चष्म्यात तेवढी जाडी आणि वजन नाकावर ठेवता येत नाही.

ऑक्टोबरात एका दिवाळी अंकाचं कव्हर मालकांनी परत त्यांच्या पाळीला लावलं. त्या अंकाची एक प्रत आमच्या काउंटरवर आहे. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं, उलट्या छपाईची. रजिस्टर केसभर हललं तरी अशा अक्षरांत रंग भरतो. त्यांत कुठेही भरलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

‘पातळ काच द्या’ या मागणीला मी इंडेक्सने उत्तर दिलं. आधी फ्रेमने द्यायला हवं होतं. मोठ्या मायनस नंबरात जाडी कमी करायचा पहिला, सर्वांत स्वस्त आणि रंगांना धक्का न लावणारा उपाय म्हणजे छोटी, गोलसर, पीडीला जुळणारी फ्रेम. इंडेक्स त्यानंतर. आमच्या धंद्यात हा क्रम उलटा पडतो, कारण फ्रेम गिऱ्हाईक आरशात बघून निवडतं आणि काच आपण शेवटी विकतो. आता मोठा नंबर असेल तर काउंटरवरच्या मुलाला सांगून ठेवलंय: आधी पीडी मोजायची, मग त्या मापाचाच ट्रे काढायचा.

त्यांचं काम काय, हे कार्डावर लिहिलेलं होतं: ‘नोकरी’. प्रेस हा शब्दही नव्हता. तो असता तरी मी १.७४ दिली नसती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण पाच दिवसांनी ‘कलर हलतोय’ ऐकल्यावर कान टवकारले असते. आता कार्डावर कामाच्या जागी उभं की बसून, नजर कुठे, रंगाचं काम आहे का, हे तीन रकाने आहेत. शिंपी, सोनार, फोटोवाले, कापड दुकानातले, सगळ्यांना त्यांचा उपयोग होतो.

जुना चष्मा लेन्सोमीटरवर ठेवून मी फक्त नंबर घेतला. काच कोणती, फ्रेम केवढी, डोळ्यापासून किती दूर, हे त्याच चष्म्यात समोर होतं. नंबर, इंडेक्स, फ्रेमचं माप, डोळ्यापासूनचं अंतर आणि ब्लू कट अशा पाच गोष्टी मी एका दिवसात बदलल्या. त्यामुळे त्रास कशाचा, हे शोधणंही अवघड करून ठेवलं.

१.६० की सीआर-३९, या निर्णयाबद्दल मात्र मी अजून पक्की नाही. नाकावर रोज बारा तास बसणारी वस्तू माणसाला आवडायला हवी, म्हणून १.६० बरोबर वाटते. पण मशीनपुरतं पाहिलं तर आकडा वेगळं सांगतो. जानेवारीत ते सहज आले तेव्हा त्यांनीच विचारलं, “अजून कमी होईल का ओ?” मी हिशेब करून दाखवला: हीच फ्रेम, सीआर-३९, आकडा ०.१५ वरून ०.११ वर, काठ सात मिलिमीटरच्या वर.

“प्रेसमध्ये काठ कोण बघतंय,” ते म्हणाले. “तिथं ठेवायला एक तसला करा.”

ऑर्डर त्याच दिवशी लिहिली. कामाच्या रकान्यात या वेळी ‘मशीनमन, चार कलर, उभं, नजर खाली’ असं आहे.